आठ बाटल्यांबरोबर लोणावळ्यात

लोणावळ्याला लोक प्रकृतीसाठी जातात. मीही प्रकृतीसाठीच गेलो होतो, पण माझ्या नव्हे, आठ बाटल्यांच्या.

पुण्याच्या लष्कर भागात एका पारशी शेठजींचे दारूचे दुकान आहे. तिथे मी सहा वर्षे आहे. पेट्या फोडणे, बाटल्या पुसणे, त्या गवतात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या गाडीत ठेवणे, हे माझे काम. घर वेंगुर्ल्याला. मराठी चौथीतून शाळा सुटली ती सुटलीच. पुण्यात आलो तेव्हा ओळखपाळख नसताना शेठजींनी दुकानाच्या माळ्यावर झोपायला जागा दिली. तेव्हापासून शेठजींनी हाक मारली की मला आधी त्यांचे उपकार आठवतात, आणि लगेच आपले काय चुकले असेल ते आठवू लागतो.

त्या दिवशी काही चुकले नव्हते. शेठजी म्हणाले, "वेंगुर्लेकर, तुंगार्लीला आपल्या डॉक्टरसाहेबांचा बंगला आहे. तिथे आठ बाटल्या घेऊन जायचं. फ्रान्सची तांबडी वाईन आहे, जुनी. रविवारी दुपारी त्यांच्याकडे पाहुणे आहेत."

"पोचवून संध्याकाळच्या गाडीनं येतो."

"यायचं नाही. आज बुधवार. रविवारपर्यंत तिच्याजवळ राहायचं. जुन्या वाईनच्या तळाशी गाळ असतो. प्रवासात तो उठतो, मग तिला पडू द्यावं लागतं. तीन गोष्टी लक्षात ठेव. आडवी ठेव, अंधारात ठेव, हलवू नको."

मग त्यांनी पेटीतल्या बाटल्या दाखवल्या. आठही एकाच मळ्याच्या, एकाच घाटाच्या, बुचावर एकाच व्यापाऱ्याचा शिक्का. फरक फक्त लेबलावरच्या सालाचा. चार बाटल्या ज्या सालच्या, त्या साली तिकडे द्राक्षांना भरपूर ऊन मिळाले. दुसऱ्या चार ज्या सालच्या, त्या साली ऐन तोडणीत पाऊस पडला. डॉक्टरसाहेबांचे एक बॅरिस्टर मित्र आहेत. ते म्हणतात, नुसत्या वासावरून मी साल सांगतो. डॉक्टरसाहेबांना त्यांची परीक्षा घ्यायची होती.

जाताना शेठजींनी आणखी एक गोष्ट सांगितली. गिऱ्हाइकापुढे उभा राहणारा त्यांचा भाचा मुंबईला निघून गेला होता. "हे काम नीट केलंस तर त्याच्या जागी उभा राहा. नाही जमलं तर मुंबईहून शिकलेला माणूस आणतो. मग तू आहेस तिथे आहेस."

आहे तिथे म्हणजे मागच्या खोलीत, गवत आणि खिळे यांच्यात. शेठजींना एक गोष्ट ठाऊक नव्हती. सहा वर्षांत मी वाईनचा एक थेंबही तोंडात घातला नव्हता. आमच्याकडे माडाची माडी असते. पुरुष मंडळी सकाळी माडांच्या मागे जातात, उभ्या उभ्या पितात, तोंड पुसतात आणि काही झालेच नाही असे परत येतात. इथे दुकानात पाहावे तर साहेब लोक बाटली उजेडाशी धरतात, बारशातल्या मुलासारखी फिरवतात आणि हळू आवाजात तिचे नाव घेतात. मला वाटे, यात काहीतरी असे आहे जे चौथी नापासाला कळायचे नाही. म्हणून चाखायचीही भीती.

*तुंगार्ली*

पेटी मांडीवर घेऊन मी लोणावळ्याला उतरलो. हल्ली या मार्गावर विजेचे इंजिन लागते, त्यामुळे धूर नाही आणि हिसकेही कमी. तरी प्रत्येक हिसक्याला मी पेटीची माफी मागत होतो. स्टेशनाबाहेर टांगेवाल्याला म्हटले, "जरा सावकाश घ्या."

"आजारी कोन हाय?" त्याने माझ्या मागे कोणी दिसते का पाहिले.

बंगला तळ्याच्या अलीकडे, आंब्यांच्या गर्दीत. राखणदार भिकोबा, वय साठीचे, गळ्यात तुळशीची माळ. सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांची बायको यसूमावशी बंगल्याची झाडलोट आणि स्वयंपाक बघे. दोघे कुरवंड्याचे, डोंगराच्या टोकावरचे. आबांनी पेटी उचलायला हात घातला तेव्हा मी इतका दचकलो की ते दोन पावले मागे सरले.

कोठीची खोली अंधारी आणि गार होती. तिथे मी गवत पसरून आठही बाटल्या आडव्या ठेवल्या, एका सालच्या चार भिंतीकडे, दुसऱ्या सालच्या चार दाराकडे. वर गोणपाट घातले. यसूमावशी दारात उभी राहून बघत होती.

"किती दीस पडून ऱ्हायाचं ह्यांनी?"

"रविवारपर्यंत."

"आन् तुमी?"

"मी इथंच. त्यांच्याजवळ."

मावशी आबांकडे वळली. "आवं, बाळंतीण हाय जनू. शेक-शेगडी मांडू का?"

"मांड की," आबा म्हणाले. "आन् पाव्हन्याला डिंकाचा लाडू दे. त्योच लय सुकलाय."

मी हसलो खरा, पण दर तासाला गोणपाट उचलून बघण्याचे काही सोडले नाही. रात्री मावशीने नाचणीची भाकरी आणि हुलग्याचे पिठले वाढले. आम्ही हुलग्याला कुळीथ म्हणतो आणि त्याच्या पिठीत कोकम घालतो. मावशीला कोकम म्हटल्यावर हसू आले. तिच्या पिठल्यात लसूण इतका की थंडी दाराबाहेरच थांबली. मार्गशीर्षातली लोणावळ्याची थंडी आम्हा समुद्रकाठच्यांना ठाऊक नसते. ती पायाच्या बोटांतून शिरते. आबांनी आपली घोंगडी मला दिली आणि स्वतः पोत्यांवर निजले. सकाळी मी आभार मानले तर म्हणाले, "घोंगडी काय, रोजचीच हाय. तुमी कुटं रोज येनार?"

*कुरवंडे*

शुक्रवारी आबांच्या घरी भाताची झोडणी होती. ते म्हणाले, "चला. बाटल्या काय उठून पळनार हाईत?" मी नको म्हणत होतो. पण दोन दिवस गोणपाट उघडून झाकून माझेच डोके फिरायची पाळी आली होती. मावशी म्हणाली, "म्या हाय न्हवं हितं. जा तुमी बिनघोर." जाताना मी तिला बजावले की डॉक्टरसाहेब उद्या येतील ते सगळ्यात आधी बाटल्या बघतील, माझी नोकरी त्या बाटल्यांवर आहे, तेव्हा जरा लक्ष असू द्या. हे शेवटचे वाक्य मी बोललो नसतो तर ही हकीकत लिहायचे कारण पडले नसते.

कुरवंडे लोणावळ्याहून चालत दीड तास. वाट माळावरून जाते, गवत पिवळे पडलेले, कडेला कारवीची वाळकी झुडपे. गावात प्रत्येक खळ्यावर झोडणीचा आवाज. आबांच्या दोन्ही मुलांनी मला लाकडी बाकावर पेंढी आपटायला लावली. दहाव्या पेंढीला माझे खांदे गेले. थोरला म्हणाला, "पुन्याचं पानी," आणि धाकटा म्हणाला, "बाटलीतलं." त्यांच्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या.

आबांनी ओंजळभर नवे भात चोळून माझ्या नाकाशी धरले. "वास आला?"

आला. आंबेमोहोर. कच्चे असूनही मोहराचा वास.

मग त्यांनी घरातून मूठभर जुने आणले. "आता ह्यो घ्या."

वास होता, पण लांबून कोणी हाक मारावी तसा.

"त्येच वावर, त्येच बी," आबा म्हणाले. "पर त्या वर्सी दाना भरताना पाऊस हटलाच न्हाई. दाना झाला, वास धुतला गेला. ऊन लागलं पायजे. शेवटाला पंधरा दीस तरी."

शेठजींनी दुकानात फ्रान्सच्या ऊनपावसाची जी गोष्ट सांगितली होती, ती मी खाली मान घालून ऐकून घेतली होती. इथे खळ्यावर ती पहिल्यांदा मला समजली. मी आबांना म्हटले, "वाईनचंही असंच असतं म्हणतात."

"आसंल की. त्ये बी शेतातूनच येतंय न्हवं?"

जेवून आम्ही नागफणीच्या कड्याकडे गेलो. ज्यांनी ती जागा पाहिली नाही त्यांना सांगतो: तुम्ही सपाट माळावरून चालत असता, आणि एकाएकी पुढे जमीनच नसते. खाली हजारभर हात खोल दरी, धुक्यात झाडी, आणि पलीकडे पसरलेले कोकण. वेंगुर्ले तिथून कितीतरी दूर दक्षिणेला आहे, दिसण्याचा प्रश्नच नव्हता. पण खालून वर येणारा वारा ओलसर होता आणि मला तो ओळखीचा वाटला. मी बराच वेळ उभा राहिलो. आबांनी माझ्या सदऱ्याचे टोक मागून धरून ठेवले होते.

*परत तुंगार्लीला*

उन्हे कलली तेव्हा परतलो. फाटकातूनच मला ओट्यावर काहीतरी चमकताना दिसले. आठ बाटल्या, ओळीने, उभ्या, उन्हात. काच अशी लखलख की तळ्याचे पाणी झक मारील.

यसूमावशी शेजारी बसली होती. हातात काथ्या, पुढे राखेचे घमेले. चेहऱ्यावर दिवसभर कष्ट केल्याचे समाधान.

"बगा आता," ती म्हणाली. "काय धूळ, काय जाळी. त्यात त्ये कागुद कुजलेलं. सायेब आलं आन् आसल्या घान बाटल्या दावल्या तर तुमालाच बोल लागनार. समद्या हौदात भिजत घातल्या, राखंनं घासल्या, दोन-दोनदा खळबळून काडल्या."

आडवी ठेव, अंधारात ठेव, हलवू नको. एका दुपारीत तिन्ही गोष्टी झाल्या होत्या, आणि त्या माझ्यावरच्या मायेने झाल्या होत्या. लेबलांचा लगदा घमेल्याच्या कडेला पडला होता. मी तो उलगडून पाहिला, एका आकड्याचाही पत्ता नव्हता. भिंतीकडच्या चार कोणत्या, दाराकडच्या चार कोणत्या, हे आता त्या फ्रान्सच्या मळेवाल्यालाही सांगता आले नसते.

माझे तोंड बघून मावशीचा हात थांबला. "काय चुकलं का वं?"

"नाही मावशी," मी म्हटले. "छान निघाल्या."

बाटल्या पुन्हा कोठीत आडव्या केल्या आणि तिथेच बसून राहिलो. आबांना खरे काय ते सांगितले. त्यांनी थोडा विचार केला. "चार बाटल्यांना खडूनं एक रेघ वडा, चारींना दोन. ह्या ह्या सालच्या म्हनून सांगा. कोन वळखनार हाय?"

हे मलाही सुचले होते. खरे सांगायचे तर आबांच्या आधी सुचले होते. मी खडू शोधून खिशातही घातला.

*नाक नसलेले गुरुजी*

शनिवारी सकाळी डॉक्टरसाहेब आले. उंच, वाकलेले, काळी पारशी टोपी, आणि नाक लालभडक. घाटातल्या गारठ्याने त्यांना जबर सर्दी झाली होती. फाटकापासून ओट्यापर्यंत ते पाच वेळा शिंकले.

"कुठे आहेत माझ्या बाटल्या?"

मी त्यांना कोठीकडे नेले. खिशात खडू होता. गोणपाट उचलले आणि सगळे सांगून टाकले. मावशीचे नाव घेतले नाही. म्हणालो, मी जागेवर नव्हतो, माझ्या मागे बाटल्या धुतल्या गेल्या, लेबले गेली, सालाचा पत्ता नाही, आणि हे मी झाकणार होतो.

मोठे मन दाखवावे म्हणून मी हे केले असे कुणी समजू नये. शेठजींनी सहा वर्षांपूर्वी माझे काही न विचारता मला आत घेतले, त्यांच्या मित्राला त्यांच्या दुकानाच्या नावाने थाप मारायची, हे तोंडातून निघेना इतकेच.

डॉक्टरसाहेबांनी एक बाटली उचलून फिरवली. "चकचकीत आहे," ते म्हणाले. ती त्यांनी जपून परत आडवी ठेवली. मग, "तुला फरक कळतो?"

"मी कधी चाखली नाही साहेब."

"सहा वरसात? शेठच्या दुकानात?" त्यांनी नाक पुसले. "आणि मला तर आज केरोसीनचाही वास येत नाही. वाट लागली. बस नी इकडे. मी सांगतो, तू पी. माझी जीभ तू."

असे माझे शिक्षण सुरू झाले. गुरुजींना नाक नाही आणि शिष्याला अक्कल नाही. त्यांनी एक बाटली हळूच उघडून ओतली. मी पेला दोन्ही हातांनी धरला. मनात देवीचे नाव घेतले आणि एक घोट गिळला.

खोटे कशाला सांगू, मला रडू आले. सहा वर्षे ज्या वस्तूला भ्यालो ती हिरड्याच्या काढ्यासारखी निघाली. जीभ सुपारी चावल्यासारखी आखडली. साहेब लोक हिच्यासाठी आवाज हळू करतात?

"सांग. कशी आहे?"

"औषधासारखी."

"खरं बोललास. पहिल्या दिवशी मलाही तशीच लागली होती. मी तेव्हा खोटं बोललो, म्हणालो वा वा. पुढची दहा वरसं तशीच वा वा करण्यात गेली." ते शिंकले. "गटकन गिळू नको. तोंडात फिरव. आणि उपाशीपोटी नको, काहीतरी खा."

मावशीच्या चुलीवर मटण होते. तिने रस्सा आणून दिला, लालभडक. त्याच्यावर घोट घेतला तर तोंडात वणवा. मिरचीने वाईन मेली आणि वाईनने मिरची पेटली. मी डोळे पुसत असताना मावशी म्हणाली, "थांबा वाईच. अळणी काडून ठेवलंया."

मावळात मटण शिजते तेव्हा तिखट घालायच्या आधी थोडे बाजूला काढतात, नुसते मीठ, हळद आणि आले घातलेले. आजाऱ्यांना आणि लहानांना देतात. मावशीने माझ्यापुढे त्या अळणी मटणाची वाटी आणि आंबेमोहोराचा भात ठेवला, वर तूप. मी चार घास खाल्ले आणि भीत भीत पुन्हा घोट घेतला.

तीच बाटली, तोच पेला. पण तो आखडलेपणा आता कुठे नव्हता. तुपाचा ओशटपणा घोटाने धुवून नेला आणि मागे जांभळासारखे काहीतरी राहिले, मग पिकल्या करवंदासारखे, मग कोरड्या गवतासारखे. मी न सांगता आणखी एक घोट घेतला.

डॉक्टरसाहेब सर्दीतही हसले. "आता सांगू नको. तोंडावर दिसतं."

आम्ही दुसरी बाटली उघडली, ती तशीच. तिसरी उघडली. तिच्या पहिल्या घोटाला मी थांबलो. जांभूळ होते, पण लांबून हाक मारल्यासारखे. गिळण्याआधीच निघून गेले. मला आबांच्या ओंजळीतले जुने भात आठवले.

"ही पावसातली असणार," मी म्हणालो. आपलाच आवाज ऐकून घाबरलो आणि आबांना हाक मारली. आबा माळकरी, ते काही चाखणार नव्हते. पण म्हणाले, "वास घ्यायला माळ आडवी येत न्हाई." त्यांनी दुसरीचा आणि तिसरीचा असे दोन्ही पेले हुंगले. तिसऱ्या बाटलीच्या पेल्यावर बोट ठेवले. "हिला ऊन कमी पडलंया."

डॉक्टरसाहेब खुर्चीत मागे रेलले. "मी तीस वरसं पुस्तकं वाचून हे शिकलो. हा माणूस भातावरून सांगतो."

*रविवार*

सकाळी उरलेल्या पाच बाटल्या मी स्वतः उघडल्या. प्रत्येकीतली एक चमचा चाखली, आबांनी हुंगली, आणि खिशातला तोच खडू काढून मी रेघा ओढल्या. ऊन मिळालेल्यांना एक, पावसातल्यांना दोन. मोजून चार आणि चार निघाल्या तेव्हा जरा धीर आला. गाळ मात्र पुरता बसला नव्हता, म्हणून मावशीच्या धुतलेल्या मलमलीतून गाळून घेतल्या. शेठजींना हे अजून सांगितलेले नाही.

दुपारी पाहुणे आले. बॅरिस्टरसाहेब गोरेपान, जाड भिंगांचा चष्मा, आणि त्यांच्या पत्नी. आणखी दोन मंडळी. आंब्याखाली टेबल मांडले होते. आमच्याकडे पिण्याच्या जागी बाई उभी राहिली तर पिणारे पळतील. इथे बाईसाहेबांना सगळ्यांत आधी ओतायचे होते. माझ्या घाईने बाटलीचे तोंड पेल्यावर टणकन वाजले. त्या म्हणाल्या, "घाई नाही हो, मी कुठं जात नाही." त्यांचे ते वाक्य मला जन्मभर पुरेल.

डॉक्टरसाहेबांनी पाहुण्यांना बाटल्या धुतल्याची गोष्ट सांगितलीच. सगळे हसले. मावशी दाराआड होती, तिला वाटले आपले कौतुक चालले आहे, आणि तसे ते होतेही.

मग परीक्षा. बॅरिस्टरसाहेबांनी दोन्ही पेले पुढे घेतले. डोळे मिटले, एक पेला नाकाखाली फिरवला, दुसरा फिरवला. फ्रान्सची नदी, तिथली माती, कोणत्या उतारावर कोणती वेल, यांवर चांगली पाच मिनिटे बोलले. ते ऐकताना मला पुन्हा मागच्या खोलीत गेल्यासारखे वाटले. शेवटी त्यांनी बोट ठेवले. "ही उन्हाच्या सालची. शंकाच नाही."

त्यांचे बोट दोन रेघांच्या, म्हणजे पावसातल्या बाटलीच्या पेल्यावर होते.

डॉक्टरसाहेबांनी माझ्याकडे पाहिले. "आमच्या माणसाचं मत उलटं आहे."

"हो का?" बॅरिस्टरसाहेबांनी चष्मा सारखा केला. रागावले नाहीत, पण मौज वाटल्यासारखे बघू लागले. "कशावरून?"

खोटे बोलून मोकळे व्हावे, तुमचेच बरोबर म्हणावे, असे पटकन वाटून गेले. मग म्हणालो, "साहेब, मला नदीबिदी ठाऊक नाही. एका रेघेची, घास गिळल्यावरही तोंडात राहते. दोन रेघांची आधीच जाते."

"छे," ते म्हणाले. "तो जडपणा आहे. नाजूकपणा वेगळा." वाद तिथेच थांबला, कारण लेबले नव्हती आणि न्यायाधीश कोणी नव्हता. मावशीने अळणी मटण आणि भात आणला. डॉक्टरसाहेबांनी मुद्दाम करवले होते. पाहुणे जेवू लागले.

मी ओतत होतो. थोड्या वेळाने बॅरिस्टरसाहेबांनी पेला पुढे केला. मी दोन रेघांची बाटली उचलली, ते म्हणाले, "ती नको, ती दुसरी दे जरा." पुन्हा पेला पुढे, पुन्हा "ती दुसरी." बोलताना ते दोन रेघांच्या बाजूने मुद्दे मांडतच होते. बाईसाहेब त्यांच्या पेल्याकडे आणि बाटलीकडे आळीपाळीने बघत होत्या. चौथ्या वेळी त्या मला म्हणाल्या, "यांचं मत त्या बाटलीला राहू दे, पेला हिच्यातूनच भरा." बॅरिस्टरसाहेबांनी आपल्या पेल्याकडे पाहिले आणि सगळ्यांत मोठ्याने तेच हसले.

जेवण संपले तेव्हा एका रेघेच्या चारही बाटल्या रिकाम्या होत्या. दोन रेघांच्या दोन जवळजवळ भरलेल्या उरल्या. खरे साल कोणते, हे मला आजही ठाऊक नाही.

*लष्कर*

सोमवारी मी दुकानात शिरलो तो थेट शेठजींपुढे. डॉक्टरसाहेबांचे पत्र यायच्या आधी मला स्वतः सांगायचे होते. मलमल सोडून सगळे सांगितले, कुरवंड्याला गेलो तेही. शेठजींनी हिशेबाची वही मिटली.

"तिन्ही गोष्टी मोडल्यास."

"हो."

"आणि आता चाखलीस. कशी आहे?"

वाटेत मी याचाच विचार करत आलो होतो. म्हणालो, "शेठजी, लोक जेवढा तिचा बाऊ करतात तेवढी ती नाही. आणि मी जेवढी औषध समजलो तेवढीही नाही. एकटी बरी लागत नाही. जेवणाबरोबर, चार माणसांत, सावकाश घेतली तर फार चांगली आहे."

शेठजींनी कपाट उघडले, भाचा वापरायचा तो काळा कोट काढून मला दिला. बाह्या लांब होत्या. मी त्या दुमडल्या.

पहिले गिऱ्हाईक दुपारी आले. तरुण माणूस, कारकून असावा, घाम आलेला. आत येताच त्याने आवाज हळू केला. त्याचे वरिष्ठ साहेब संध्याकाळी पहिल्यांदाच घरी जेवायला येणार होते. "भारी नावाची वाईन द्या," तो म्हणाला. "मला त्यातलं काही कळत नाही, पण नाव असं हवं की ऐकून ते गप्प बसतील."

मी फळीकडे वळलो नाही. "घरी आज जेवायला काय आहे?"

तो गोंधळला. "बायकोनं कोंबडी आणलीय. का?"

"तिला म्हणावं तिखट घालायच्या आधी थोडी बाजूला काढून ठेव." मग मी एक साधी तांबडी बाटली काढून त्याच्या पुढे ठेवली.

त्याने ती उलटसुलट करून लेबल वाचायचा प्रयत्न केला. "आणि हिचं नाव काय सांगू?"

"नाव जेवण झाल्यावर सांगा," मी म्हणालो. "आधी त्यांना ओता."